केळीच्या खोडाचा भाव

मी शाळेत भूगोल शिकवते. कच्चा माल म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. निसर्गातून थेट मिळतो तो कच्चा माल, आणि वापरून टाकलेल्या वस्तूंपासून पुन्हा मिळवतात तो पुनर्वापराचा माल. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात आणि मी पूर्ण गुण देते. ही दोन वाक्यं एक दिवस माझ्या माहेरी जाऊन वहिनीच्या पोटावर पाय देतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं माहेर फोपनारचं. सासर बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात, म्हणजे मनात आलं की उठून जाता येईल इतकं जवळ. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या भागात केळी मोप. घड कापून ट्रकमध्ये गेला की उरलेलं खोड तोडून बांधावर टाकायचं आणि ते सडेपर्यंत माश्या हाकलायच्या, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वहिनीने त्या खोडातून वाख काढायचं मशीन आणून घरच्या शेडमध्ये बसवलं. खोडाची एकावर एक बसलेली सोपटं सुटी करायची, एकेक मशीनमध्ये सारायची, गर खाली गळतो आणि हातात लांब पांढरे धागे राहतात. ते तारेवर वाळत घातले की लग्नघरासारखी शेड भरून जायची. गल्लीतल्या पाच-सहा बायका तिच्या जोडीला येत. चिकाने सगळ्यांचे हात काळे पडलेले. इंदूरचा एक व्यापारी तो वाख घेऊन परदेशी धाडायचा, तिथे त्याच्या चटया नि पिशव्या होत.

दादाला हे पटलेलं नव्हतं. चूल सोडून बाईला सुचलेलं कुठलंही काम त्याच्या लेखी टाईमपास. तरी त्याने एवढं मान्य केलं होतं, “हा हंगाम पाह्यतो. व्यापारी टिकला तं शेड तुही. नाई टिकला तं मले ठिबकच्या नळ्या ठेवाले जागा पाह्यजे.” वहिनी दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर शेडमध्ये गेली.

त्याच हंगामात मोजणीचे एक सर आले. तरुण, नम्र, हातात टॅबलेट, बोलणं हिंदीत. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक काम काढलं होतं: कुठे किती नवा कच्चा माल निघतो आणि किती जुन्यातून पुन्हा काढतात, याची मोजणी. आजवर प्रत्येक देश आपापल्या मापाने मोजत होता, त्यामुळे बेरजा जुळत नव्हत्या. आता सगळ्यांचं माप एक करायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला ही कल्पना फार आवडली. आमचा वाख कुणाच्याच मोजणीत नव्हता. शेतीवाले केळी घडापर्यंत मोजत, कारखानेवाले सुरुवातच सुतापासून करत. मधल्या जागेत काळ्या हातांच्या बायका बसलेल्या, त्या कुणालाच दिसत नव्हत्या.

“ताई, आपलं नाव लागलं म्हंजे व्यापारी पक्का होईन ना?” वहिनीने मला विचारलं. मी म्हटलं, होईल. मला तसंच वाटत होतं.

खोडं कुठून येतात हे पाहायला सरांना शेजारच्या काकांकडे नेलं. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र, गावातली सर्वात मोठी केळीची बाग त्यांची. वहिनीची जवळजवळ सगळी खोडं त्यांच्या बागेतून यायची. सरांनी विचारलं, “काकाजी, एक खोड का क्या लेते हो?”

“खोडाचं काय घेनार? आमी खोडाचे पैसे घेत नाई.”

“फिर भी, कुछ तो रेट होगा?”

काकांचा चेहरा बदलला. “अरे भाऊ, घड देल्लं झाड म्हंजे बायंतीन. तिच्या आंगाचे पैसे घेऊन मी कुठं फेडू?”

मी सरांना हिंदीत समजावलं की, घड दिलेलं झाड ही बाळंतीण, तिचं अंग विकायचं नाही, मागेल त्याला द्यायचं, असा त्यांच्या घराण्याचा नेम आहे. वडिलांचा होता, आजोबांचाही होता. आता नेम कितपत होता आणि फुकटात रान साफ होण्याची सोय कितपत, ते देव जाणे. मजूर लावून खोडं काढायची तर काकांच्याच खिशाला चाट बसली असती. पण ते बोलले मनापासून, आणि गावात त्यांच्या या नेमाला मान होता. सरांनीही मान डोलावली. पण टॅबलेटला डोलावलेली मान चालत नाही, आकडा लागतो. सरांनी भावाच्या रकान्यात शून्य टाकलं. ‘दिलं’ असं लिहायला तिथे जागाच नव्हती.

काही महिन्यांनी व्यापाऱ्याचा फोन आला. माल परदेशी बंदरात अडकला होता. माल कुठून येतो हे हल्ली तिकडचे ग्राहक खोदून विचारतात, म्हणून त्याने हौसेने या नव्या मोजणीतली आमची नोंद कागदांना जोडली होती. तिथेच घोडं अडलं. त्या देशाचा हिशेब सरळ: जिला देणारा भाव लावत नाही ती त्याला नकोशी वस्तू. नकोशी वस्तू म्हणजे कचरा. कचऱ्यातून काढलेला माल पुनर्वापराचा, आणि कचऱ्याचा माल आणायला वेगळा परवाना. तो परवाना आमच्याकडे कुठून असणार? गंमत अशी की त्याच खोडांचा आधीचा माल दुसऱ्या एका देशात नवा कच्चा माल म्हणून बिनबोभाट उतरला होता, कारण त्यांच्या मते शेतातून निघालं ते सगळं नवं. एकाच आईची दोन लेकरं, एक सवर्ण ठरलं आणि एक विटाळाचं. माणसांना पुरलं नाही म्हणून आता वाखालाही जात चिकटली.

सरांनी धडपड करून आम्हाला एका ऑनलाइन बैठकीत बसवलं. बुऱ्हाणपुरातल्या एका कार्यालयात भिंतीवर मोठा पडदा, त्यावर देशोदेशींची माणसं छोट्या चौकटींत. कचऱ्याची व्याख्या कुणाची धरायची यावर चर्चा चालली होती. सगळे अतिशय सभ्य. वहिनी पदर सावरून ताठ बसली होती, शाळेतसुद्धा कुणी इतकं लक्ष देऊन बसत नाही. शेवटी तिला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, “आमचं खोड कचरा नाई. लोक त्याच्यापुढे हात जोडतात, म्हून पैसे घेत नाईत.” सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. पडद्यावरच्या एका बाईंनी हसून दाद दिली, फार सुंदर प्रथा आहे म्हणाल्या आणि उपायही सांगितला: काहीतरी भाव लावा, नाममात्र का होईना, म्हणजे माल नव्या कच्च्या मालाच्या रकान्यात जाईल. मग सगळ्यांनी वहिनीचे आभार मानले. मला त्या बाईंचा राग आला आणि तो राग काढायला जागा सापडेना, कारण त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या.

वहिनी काकांकडे गेली. मी सोबत होते. काकांनी खोडाचे पैसे घ्यावेत म्हणून हात जोडणारी गावातली ती पहिलीच बाई असेल. काका म्हणाले, “सूनबाई, तू मले हे सांगाले आली?”

“काका, नाई घेतले तं शेड जाते माही.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “आन मंग पावती. देवाले काय सांगाचं ते मी सांगीन.” सही करताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. वहिनीने दिलेल्या नोटा त्यांनी हातात न घेता खाटेवर ठेवायला सांगितल्या आणि घरच्या सुनेला हाक मारून मारुतीच्या पेटीत टाकायला पाठवल्या.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. काकांनी खोडाचे पैसे घेतले म्हटल्यावर बाकीच्यांनी का सोडावे? आजवर नुसतं “खोडं नेऊ का?” विचारलं की लोक “न्या न्या” म्हणायचे, ते आता “काय देता?” म्हणू लागले. नाममात्र भाव महिनाभरही नाममात्र राहिला नाही. मग इंदूरच्या व्यापाऱ्यानेच शहाणपण केलं, स्वतःचं मोठं मशीन टाकलं आणि ट्रॅक्टर लावून खोडं उचलायला सुरुवात केली. काकांच्या मुलाने आपल्या बागेची खोडं त्यालाच लावून दिली. त्याचं तरी काय चुकलं? भाव लावायचा म्हटल्यावर जास्त भाव देणाऱ्यालाच माल जाणार, हे तर मी मुलांना शिकवते. अडकलेला माल सुटेपर्यंत तिकडच्या ग्राहकाने दुसऱ्या देशातून वाख घ्यायला सुरुवात केली होती. तिथले आकडे म्हणे आधीपासून स्वच्छ होते. व्यापाऱ्याला दुसऱ्या देशांची गिऱ्हाइकं होती, वहिनीकडे ना गिऱ्हाईक उरलं ना खोडं.

नंतर सरांनी मला मोजणीचा अहवाल मोबाईलवर पाठवला, सोबत अभिनंदन. आमच्या भागाची माहिती आता सुधारली होती. केळीचा वाख, नवा कच्चा माल, भावासहित, योग्य रकान्यात. मी अहवाल दोनदा वाचला. त्यात चूक काढायला जागा नव्हती याचीच मला जास्त चीड आली. वहिनीला मी तो दाखवला नाही.

मशीन डोईफोडिया गावाकडचा एक माणूस घेऊन गेला, मिळेल त्या किमतीला. त्या दिवशी मी फोपनारला होते. दुपारपर्यंत दादाने शेडमध्ये नळ्यांची भेंडोळी रचूनही टाकली. टोमणा मारला नाही, तेवढं सौजन्य त्याने दाखवलं. वहिनी तारा सोडवून गुंडाळत होती, तेव्हा काकांच्या घरून निरोप आला, दोघींना बोलावलंय.

काकांचे गुडघे त्या वर्षी पार गेले होते. बागेत जाणं बंद, घराच्या पायरीखाली उतरणं बंद. मुलगा खोडं कुणाला देतो, ट्रॅक्टर कुणाचा येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलेलं नव्हतं. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी वहिनीला जवळ बोलावलं.

“पावती देल्ली तवापासून मले झोप नाई सूनबाई. बापाले तोंड कसं दाखवू असं वाटते. पन मनाले म्हनतो, पोरीचं काम तं राह्यलं. राह्यलं ना?”

वहिनीने काळे हात पदराखाली घेतले.

“राह्यलं काका,” ती म्हणाली. “जोरात चालू हाये.”