मधल्या दोन वायरी

बाबा गेले तेव्हा त्यांची जुनी गाडी दादाकडे गेली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. चालवायला बाबांनी मला शिकवलं होतं, पण आमच्याकडे लेकीला गाडी शिकवतात, देत नाहीत.

गाडी सानपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली उभी असे. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. रविवारी बॉनेट उघडून मला शेजारी उभं करायचे. दादा तेव्हा वर झोपलेला असायचा. "आधी ऐक, मग हात लाव," असं बाबा म्हणत. इंजिनाच्या चारही प्लगच्या वायरींना त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे बांधले होते, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा. कुठली वायर कुठे जाते ते चुकू नये म्हणून.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दादाचा फोन आला. "गाडी जाम थरथरतेय गं. सायलेन्सरमधून फटाके फुटतायत. मेकॅनिकने इंजिनाखालचे रबर बदलले, काय फरक नाय. आता बोलतो इंजिन खोलूया. तू बघून जा ना एकदा. तुला बाबांनी शिकवलंय."

हे वाक्य ऐकायला मी वर्षानुवर्षं थांबले होते. ऐरोलीच्या माझ्या घरून सानपाड्याला निघाले ती मनातले मांडे खातच. गाडी नीट झाली की दादा म्हणेल, घेऊन जा, तुझ्याकडेच बरी. मी आमच्या सोसायटीत पार्किंगची जागासुद्धा विचारून ठेवली होती.

गाडी सुरू केली तर आरशात मागची भिंतही धड दिसेना, इतका तो हलत होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आत ठोका नव्हता. म्हणजे इंजिन खोलायचं काही कारण नव्हतं. मग जाड कोरडं फडकं धरून एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली तसं इंजिन आणखी अडखळलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. चौथ्याचंही तसंच. मधल्या दोन वायरी काढा नाहीतर ठेवा, फरक शून्य. चौघांतले दोघेच राबत होते, बाकीचे दोघे बसून. आमच्या घरासारखंच.

"दोरे कुठे गेले?" मी विचारलं.

"ते मळकट धागे? दसऱ्याला पूजेआधी वायरी काढून इंजिन चकाचक धुतलं ना, तेव्हा कापून टाकले. फोटोत घाण दिसत होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झेंडूचा हार झाला, हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू झालं आणि वायरी परत लावताना मधल्या दोघींची अदलाबदल! वस्तूची पूजा करायला आम्ही पुढे, तिचं ऐकायला कोणी नाही. त्याला तसं बोलले. तो नुसता हसला.

त्या दोन वायरी आपापल्या जागी लावल्या आणि इंजिन शांत झालं. आईच्या डब्यातून नवे दोरे आणून मी बांधले. "मानलं तुला," दादा म्हणाला आणि मोबाइलवर इंजिनाचा व्हिडिओ काढला. मला वाटलं, आठवण म्हणून काढतोय. मी चहा संपवला, तरी जरा रेंगाळले. पुढचं वाक्य काही आलं नाही.

त्याच आठवड्यात पुन्हा फोन. "गाडी गेली गं! लग्नाला गाड्या भाड्याने देतो ना, तो माणूस विकत घेतोय. थरथरते म्हणून अडला होता, व्हिडिओ पाठवला तर लगेच हो बोलला. तुझ्या हाताला गुण आहे."

"मला एकदा विचारायचंस तरी."

"तुला कशाला टेन्शन? ठेवणार कुठे होतीस? हे ऐक, आत्ता गेटमधून निघतेय. काय मस्त चालतेय बघ."

त्याने फोन गाडीकडे धरला असावा. मी कान लावून बसले. वॉचमनची शिट्टी ऐकू आली, गेट उघडल्याचा आवाज आला. गाडी मात्र इतकी नीट चालत होती की ती कधी निघून गेली, ते मला कळलंच नाही.