आत्याच्या पाणपिसवा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत छान उजेड यायचा, पण तिथे आम्हाला साधा पेला ठेवायची सोय नव्हती. सुट्ट्या लागल्या की आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याच्या कामावरच्या बरण्या तिथे येऊन बसायच्या. हिरवट पाणी आणि त्यात तिळाहून लहान जीव, सारखे टुणटुण उड्या मारणारे. पाणपिसवा. नावात पिसू असली तरी बिचाऱ्या कोणाला चावत नाहीत, हे आत्या प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगायची. पाहुणे तरीही खुर्ची जरा लांबच ओढायचे.

आत्या तणनाशकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. गवत मारायचं औषध वाहून ओढ्यात गेलं तर तिथल्या बारक्या जिवांचं काय होतं, ते बघणं हे तिचं काम. पेल्यांमध्ये औषध कमी-जास्त घालायचं, नुकतीच जन्मलेली पिल्लं सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पेला हलकेच फिरवायचा. पोहायला लागली ती जगली. तळाशी पडून राहिली ती गेली.

"तूच वाढवतेस आणि तूच मारतेस?" मी लहानपणी विचारलं होतं.

"कोणाला तरी आधी विचारावं लागतं ना," ती म्हणाली. "यांना बोलता येत नाही, म्हणून पोहून सांगतात." त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला आठवतं.

तिच्या सगळ्या पिसवा एकाच आईच्या लेकी, लेकींच्या लेकी. नोकरीला लागली तेव्हापासून तिने तो एकच वंश सांभाळला होता. त्यांना नर लागतच नाही म्हणे. "तरीच तुझं यांच्याशी जमतं," असं म्हणून बाबा आपल्या बिनलग्नाच्या बहिणीला चिडवायचे. ती लटक्या रागाने फडकं फेकायची. किती हसायचो आम्ही! ते घर आता नाही, पण त्या हसण्याचा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी प्रयोगशाळेला रंग लावायचा होता. रंगाचा वास पिसवांना सोसत नाही, म्हणून आत्याने झाडून सगळ्या बरण्या घरी आणल्या. तिचे नियम कडक. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून मुरवायचं, त्यातला क्लोरिन उडाला की मगच, लांब नळीच्या झारीने, धार न उडवता भरायचं. असं न मुरवलेलं, कच्चं पाणी बरणीजवळ नेलं तर आमची खैर नसायची.

बाबांनी तीच झारी घेतली. आई गेल्यापासून मागच्या अंगणातली बाग हाच त्यांचा उद्योग झाला होता आणि फरश्यांच्या फटींतल्या गवताने त्यांना वात आणला होता. झारीत औषध कालवलं, गवतावर ओतलं, झारी घासूनपुसून चकचकीत करून जागेवर ठेवली. बाबांचं काम नेहमीच असं व्यवस्थित.

संध्याकाळी आत्याने बरण्यांत पाणी भरलं. सकाळी एकही उडी नव्हती. तिने एकेक बरणी हलकेच फिरवली, अगदी कामावर फिरवायची तशी. तळाशी पांढुरका गाळ तेवढा हलला.

झारी कोणी घेतली होती, ते मीच सांगितलं. "पण ते तर गवताचं औषध ना?"

"गवताला चिकटावं म्हणून त्यात साबणासारखं काहीतरी घालतात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कितीही घासलं तरी त्याचा अंश राहतो. यांना तेवढंही पुरतं." मग डोळे पुसले आणि मला दटावलं, "दादाला एक अक्षर बोलायचं नाही."

प्रयोगशाळेने दुसरीकडून नव्या पिसवा मागवल्या. आत्याने त्याही नीट वाढवल्या, पण घरी कधी आणल्या नाहीत. बाबांना वाटलं, बाईसाहेबांचा उत्साह ओसरला.

तिच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला बाबा आणि मी गेलो. साहेब भले गृहस्थ, मनापासून बोलले. शेवटी हसत म्हणाले, "एवढ्या नोकरीत बाईंची चूक एकच. घरी नेलेल्या बरण्यांत नळाचं कच्चं पाणी भरलं आणि सगळा वंश गेला. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं."

लोक हसले. बाबा ताडकन उभे राहिले. "माझी बहीण? कच्चं पाणी? काहीतरीच काय! शक्यच नाही." त्यांनी आत्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि ते गुपचूप खाली बसले.

परतताना तिघं चालतच निघालो. घराच्या वळणावर बाबा थांबले.

"त्या झारीत मी गवताचं औषध कालवलं होतं. ते माझ्या औषधाने झालं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? वेड्यासारखा मी गवत मारत बसलो होतो!"

"तू बागेत पाऊल टाकलं नसतंस पुन्हा," आत्या म्हणाली. "वहिनी गेल्यावर सकाळी उठायला तुला तेवढंच कारण होतं, दादा."

 बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवत सावकाश चालू लागले.