पुसल्या गेलेल्या फायली आणि ल्युबिंकाचं मनगट

ल्युबिंका पेरिशिचच्या वडिलांची चार बोटं क्रागुयेवात्स शहरातल्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली. आम्ही अशाच यंत्रांचे प्रोग्राम लिहायचो. त्यामुळे तपासणीच्या बाबतीत ती कुणाचंच ऐकत नसे. चाचण्यांमध्ये प्रोग्रामची कुठली ओळ चालली आणि कुठली कधीच चालली नाही, हे सांगणारा कव्हरेज रिपोर्ट हातात आल्याशिवाय ती काही बाहेर जाऊ द्यायची नाही.

त्या आठवड्यात रिपोर्टच निघेना. चाचण्या सगळ्या पास व्हायच्या आणि शेवटी तक्रार यायची, की अमुक फाईल सापडत नाही. दर वेळी नाव वेगळं, आणि त्या नावाची फाईल कुठेच नसायची. गिऱ्हाईकाला द्यायचा माल अडकला होता. आमचा टीमप्रमुख स्त्राहिन्या जेवताना राकिया ही फळांची दारू ढोसून आला आणि तिच्या टेबलाशी उभा राहिला. चुकांकडे दुर्लक्ष करायची सोय आहे, ती चालू कर, म्हणाला.

"मग उद्या खरी फाईल हरवली तरी कळायचं नाही," ती म्हणाली.

"तुझ्या बापाची बोटं काय मी खाल्ली?"

तिनं उठून त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर दाबला आणि खाली पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. तिनं उजव्या हातानं कॉफीचं तांब्याचं भांडं उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. भुवई फाटली, उकळती कॉफी मानेवर सांडली. त्यानं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. मी त्याला मागून कवळ घातली तर त्यानं कोपरानं माझा दात पाडला. पोलीस आले तेव्हा फरशीवर कॉफी आणि रक्त एक झालं होतं.

प्लास्टर घालून ती परत आली. एका हातानं टाईप करत तिनं चाचण्या मध्येच थांबवल्या आणि तात्पुरत्या फायली जिथे जातात ते टेम्पररी फोल्डर उघडून पाहिलं. हरवलेली फाईल तिथे होती. एक चाचणी चालता चालता स्वतःच दर वेळी नव्या नावानं छोटा प्रोग्राम लिहायची, चालवायची आणि पुसून टाकायची. रिपोर्ट बनवताना त्याचा मजकूर शोधला जायचा, तोवर तो गेलेला असायचा. तिनं रिपोर्टमधून तेवढं एकच फोल्डर वगळलं. बाकी कुठलीही चूक झाली तर तक्रार येईल, असंच ठेवलं.

रिपोर्ट निघाला. प्रेस खाली येत असताना कुणाचा हात मध्ये आला तर यंत्र थांबवणाऱ्या ओळी लाल होत्या. त्या एकदाही तपासल्या गेल्या नव्हत्या. आमच्या कंपनीच्या मालकाला पटेना, म्हणून खऱ्या प्रेसवर हाताच्या जागी बीच लाकडाचा ओंडका सरकवला. प्रेस थांबला नाही. ओंडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या, एक मालकाच्या गालात घुसली. ल्युबिंका बाहेर जाऊन ओकली.

दुरुस्ती झाली, माल उशिरा गेला.

कोर्टात स्त्राहिन्याचा वकील म्हणाला, सुरुवात तिनं केली. तिनं मान्य केलं.

"थप्पड मी मारली. पण हात पहिल्या झटक्यात मोडला नाही. त्यानं थांबून पुन्हा जोर लावला."

स्त्राहिन्या तुरुंगात गेला. त्याची खुर्ची तिला मिळाली. अजूनही खोलीत कुणी आवाज चढवला, की ती काम टाकून अंगणात जाते.