वाघरीतली शाळा

किश्शांचं मेंढराच्या लोकरीसारखं असतं. कातरून टाकली, वाटलं आता झालं मोकळं, की चार महिन्यांनी परत तेवढीच! करोनातले शाळेचे किस्से मी किती जणींना सांगितले असतील. सांगून सरतील म्हटलं, तर प्रत्येक वेळी एखादा नवाच आठवतो.

मी शाळेत कधी गेले नाही. म्हणजे शिकायला गेले नाही. जतच्या माळावर आमची धनगरांची वस्ती, तिथल्या शाळेत मी खिचडी रांधते. त्यामुळे शाळा मला ठाऊक ती चुलीच्या बाजूनं. पण चुलीजवळ बसलेल्या बाईला सगळं ऐकू येतं बरं का!

करोनात शाळेला कुलूप लागलं आणि माझी चूलही विझली. आमच्या घरात त्याचा वेगळाच घोर लागला. माझा लेक बिरू दरवर्षी दसरा झाला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो, सुनेला, हौसाला, घेऊन. नात माया माझ्यापाशी राहते, शाळेसाठी. करोनाच्या दुसऱ्या वर्षी माया सातवीत गेली. बिरूनं पावसाळ्यातच सांगून टाकलं, "आये, दसऱ्यापत्तोर शाळा उघडून नीट चालली, तर बघू. न्हाई तर माया मेंढरामागं. हितं बसून काय करायची?"

एकदा पोरगी मेंढरामागं गेली, की परत शाळेत येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. मी तशीच गेले होते, शाळेचं तोंड बघायच्या आधीच.

*

तशी शाळा फोनवर चालू होती म्हणे! घरात फोन एकच. आणि वस्तीवर रेंज नाही. रेंज कुठं, तर वरच्या माळावर, बिरू मेंढरं चारतो तिथं. म्हणजे फोन जायचा बिरूबरोबर, आणि माया इकडं घरात पाणी भरत बसायची.

शाळेतल्या मगदूम बाई सांगलीकडच्या. तिकडून त्या फोनवर गणित शिकवायच्या. बिरू झाडाखाली बसून इमानदारीत सगळं ऐकायचा. बाई "समजलं का?" म्हणाल्या की हा "व्हय" म्हणायचा. मागनं मेंढरंही म्हणायची. बाई खूश! म्हणायच्या, "तुमच्या वस्तीवरून उत्तर लगेच येतं हो!"

संध्याकाळी माया विचारायची, "आबा, आज काय शिकवलं?"

"लय अवगड हुतं बघ. तुला न्हाई कळायचं."

दसऱ्यानंतर तर फोन बिरूबरोबर थेट कृष्णाकाठालाच गेला. असं वर्ष गेलं. मी सगळ्यांना सांगायची, आमच्या बिरूची सहावी झाली, मायाची राहिली!

*

मग ऐकलं, शाळा उघडणार. पण आमचे पोळ गुरुजी म्हसवडचे, भारी भित्रे. ते म्हणाले, "आधी वस्तीतल्या मोठ्या माणसांनी लस घ्या. मगच मी कुलूप काढणार."

आता आमची माणसं कशी, तर स्वतःच्या हातानं शेकडो मेंढरांना सुया टोचणारी. पण सिस्टर पेटी घेऊन आल्या, आणि वस्तीवर एक बाप्या दिसेना! बिरू तर काळं घोंगडं पांघरून मेंढरांच्या मधोमध बसलेला. मला ओळखू आला नाही. पण कुत्रं एकाच मेंढरापुढं उभं राहून शेपूट हलवायला लागलं, तेव्हा म्हटलं, हेच आपलं!

कानाला धरून नेला त्याला. सिस्टरनी सुई दिली आणि म्हणाल्या, "झालं, जा."

बिरू हलेना. म्हणाला, "आणि रंग?"

आमच्यात टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर लाल रंगाचं बोट ओढतात. परत त्यालाच पकडायला नको म्हणून. सिस्टरला हे काय ठाऊक? बिरूनं मग घरी येऊन स्वतःच सदऱ्याच्या खांद्यावर लाल बोट ओढलं. दुसऱ्या दिवशी बघते, तर वस्तीतला प्रत्येक बाप्या लाल खांदा करून हिंडतोय!

सिस्टर त्याही दिवशी आल्या होत्या. संध्याकाळी पेटी आवरताना गुरुजींना म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या सुया कमी संपल्यात आणि रंगलेले खांदे जास्त दिसतायत!"

सगळ्यात लालभडक खांदा कुणाचा? शाळा कमिटीचे अध्यक्ष, आमचे सुभेदार तात्या! मिलिटरीत वीस वर्षं काढून आलेला माणूस!

*

लस झाली. मग आलं अंतर. पाचवी, सहावी, सातवीची पोरं एकमेकांत मिसळायची नाहीत, लांब लांब बसायचं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पटांगणात चुन्याचे गोल काढले. पोरांनी ते बघितले आणि लगेच लंगडी सुरू केली. उरलेला चुना वाऱ्यानं नेला.

बिरू फाटकात उभा राहून बघत होता. म्हणाला, "गुरुजी, नुसतं गोल काढून कोण जाग्यावर बसतंय व्हय? आमी मेंढरं अशी बसवतो का?"

गेला घरी, आणि मेंढरांची वाघर घेऊन आला. वाघर म्हणजे आमची दोरीची जाळी. खुंट्या मारून ताणली की रातोरात मेंढरांचा वाडा तयार. त्यानं पटांगणात तीन वाडे उभे केले. एक पाचवीला, एक सहावीला, एक सातवीला. लिंबाच्या सावलीत, ऐसपैस.

सकाळी मगदूम बाई एसटीतून उतरल्या, आणि बघतात तर पोरं जाळीत!

"अहो, हे काय? ही मुलं आहेत!"

बिरू म्हणाला, "बाई, ह्यातनं लांडगा आत येत न्हाई. करोना कुठला येतोय!"

"अहो, पण जाळीला भोकं आहेत!"

"आन् तुमच्या त्या मास्कला न्हाईत व्हय?"

बाईंनी हातानं मास्क चाचपला. पण एक सांगते, त्या दिवसापासून एक पोरगं दुसऱ्या वर्गात गेलं नाही. बिरूनं जाताना गुरुजींना बजावलं मात्र, "दसऱ्याला माजी वाघर मला पायजे. वाटंत मेंढरं कशात बसवू?" आणि मायाकडं बघून हळूच म्हणाला, "तवा बघू दोन्हींचं."

*

ताप मोजायची बंदूक सुभेदार तात्यांकडं दिली होती. गुरुजींना वाटलं, बंदूक म्हटल्यावर तात्याच बरे! तात्या फाटकात पहाऱ्याला उभे. पोरगं आलं की "थम!" म्हणायचे आणि कपाळाला बंदूक लावायचे. निम्मी पोरं हात वर करायची.

पहिल्या दिवशी लांबच्या वस्तीवरची पोरं उन्हातनं चालत आली. पहिल्या पोराला लावली, बंदूक लाल होऊन ओरडली. दुसऱ्याला लावली, तेच. तिसरी, चौथी, सगळी तापलेली! गुरुजींचा चेहरा पांढरा. "बंद करा शाळा! सगळ्यांना घरी पाठवा!"

मी फाटकाकडं धावले. पहिल्याच दिवशी शाळा बंद पडली, तर बिरू काय म्हणेल?

तात्यांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. ओरडली. मग लोखंडी फाटकाला लावली. त्याच्यावर तर नुसती किंचाळली!

मी म्हटलं, "गुरुजी, पयलं फाटकाला घरी पाठवा. त्याला लय ताप हाय!"

पोरांना लिंबाखाली बसवलं, गार पाणी दिलं, आणि ताप उतरला. फाटकाचा मात्र दिवस मावळल्यावर उतरला.

*

दसरा तोंडावर आला. शाळा चालली होती. मी मनात म्हणत होते, बिरोबा, एवढे दिवस निभाव रे बाबा.

आणि त्यातच हौसानं वाटेच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला काढल्या! आमचं घर शाळेच्या वरल्या अंगाला, आणि वारा शाळेकडं. आधी पाचवी खोकायला लागली. मग सहावी. मग सातवी. मग मगदूम बाई! तिन्ही वाडे नुसते खोक-खोक-खोक!

गुरुजी मास्कवर रुमाल, रुमालावर उपरणं बांधून ओरडले, "आली! साथ आली! पळा घरी!"

तात्या बंदूक घेऊन वासाच्या मागावर निघाले, ते थेट आमच्या चुलीवर. म्हणाले, "हौसा, अख्ख्या शाळेला करोना झाला की गं!"

हौसा तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "आवं तात्या, गुरुजीच सांगत हुते ना, करोना झाल्यावर वास येत न्हाई म्हणून? तुमी हितवर वासानंच आला नव्हं?"

तात्या माघारी फिरले. पण तोवर पोरं पांगली होती. शाळा बंद. एकटी माया सातवीच्या वाघरीत दप्तर कवटाळून बसलेली, डोळ्यांतनं धारा. मिरचीच्या म्हणा.

बिरूला निमित्तच मिळालं. "आये, एका मिरचीनं बंद पडती ती शाळा! ठरलं. माया संगं येणार."

मी म्हटलं, "मिरची तुझ्या बायकूनं भाजली, आन् शिक्षा लेकीला व्हय रं?"

त्यानं ऐकलं नाही. हौसानं मायाचे कपडे गाठोड्यात बांधले.

*

तात्यांनी गुरुजींना मिरचीचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा परत भरली. बिरू वाघरीचे तुटलेले फास बांधायला आला. पटका तोंडावर ओढून घेतलेला, सातवीच्या वाड्याला टेकून बसलेला. आत बाई गणित घालत होत्या, "अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती?"

पोरं बोटं मोजायला लागली. मास्कातनं कोण बोलतंय ते बाईंना तसंही कळत नव्हतं. एवढ्यात खणखणीत आवाज आला, "दोन पंचमांश!"

"कोण बोललं ते?"

सगळी पोरं वाघरीबाहेर बघायला लागली. फोनवर सहावी शिकलेला आमचा बिरू! छाती पुढं काढून बसलेला.

माया आतनं म्हणाली, "आबा, चुकलं."

"कसं काय चुकलं? वर एक आन् एक दोन, खाली दोन आन् तीन पाच!"

"आबा, अर्धा कळप वाघरीत हाय. त्यात आणि मेंढरं घातली, तर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी हुतील? पाच षष्ठांश हुतात!"

बिरूनं पटका मागं सारून डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं. मग बाईंना विचारलं, "बाई, फोन तर वरीसभर माज्यापाशी हुता. हिला ह्ये कवा शिकवलं?"

बाई म्हणाल्या, "परवा!"

बिरू उरलेले फास तसेच टाकून उठून गेला.

*

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं निघाली. घोड्यावर सामान लादलेलं, त्यावर मायाचं गाठोडंही. शाळेशी आल्यावर कळप फाटकाबाहेर थांबला आणि बिरू वाघर काढायला आत आला. मी हौदापाशी पोरांच्या हातावर पाणी घालत होते, पण माझं पाणी पोरांच्या हातावर कमी, भुईवर जास्त पडत होतं.

त्यानं पाचवीचा वाडा उपटला. वळकटी केली, घोड्यावर टाकली. सहावीचा उपटला, टाकला. सातवीपाशी आला. माया मान खाली घालून पाटीवर काहीतरी लिहीत होती. बिरूनं खुंटीला हात घातला, परत काढला. मग माघारी गेला, घोड्यावरचं गाठोडं सोडलं, माझ्यापुढं आणून ठेवलं आणि मेंढरांना हाळी दिली.

गुरुजी मागनं ओरडले, "अरे बिरू, ही एक वाघर राहिली की!"

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. आत माजं एक कोकरू हाय. वाघर काढली, तर माज्या मागं येईल."

फाटकात तात्या बंदूक घेऊन आडवे आले. "थम! बिरू, डोळं लाल दिसत्यात तुजं. पाणीबी येतंय. आजारी हायस व्हय?"

"छ्या! कुटंतरी मिरच्या भाजाय लागल्यात, तात्या."

तात्यांनी मास्क खाली केला. चारी बाजूंना नाक फिरवलं. दोनदा हुंगलं. म्हणाले, "मला तर कसलाच वास येईना!"

झालं! गुरुजी टुणकन चार हात मागं सरकले, "तात्या, बंदूक तिथंच ठेवा, आणि आधी तुम्ही घरी जा!"