आवरताना तोंडात गेलेलं

ये, हे पान जरा जवळ घे आणि आधी चष्मा लाव. डोळे बारीक करून वाचायची तुझी सवय मला इथून दिसते. तुझी साखर वाढलेली निघाली, हे मला तुझ्या आईकडून कळावं? माझी सख्खी बहीण असली तरी तिला कुठलीही बातमी दिली की ती रडत सांगते, आणि रडत सांगितलेल्या बातमीतून आकडा म्हणून कळत नाही. मावशीला एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं? मी विचारलं असतं, उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती. हसू नकोस. मला यातलं कळतं.

शाळा माझी सातवीत सुटली हे तुला माहीत आहे. खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि तुझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा चूल माझ्याकडे आली. पुढचं शिक्षण मी औषधांच्या खोक्यांमधून घेतलं. खोक्यात तो पातळ, घड्या घातलेला कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो सगळे फेकून देतात, तो मी ठेवून घ्यायची. शेजारी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावायची. आजीच्या औषधांपासून सुरू केलं आणि लग्न होऊन सदाशिव पेठेत आले तरी सोडलं नाही. मला स्वतःला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मी विचारलं, ही यकृतावर काम करते ना? ते माझ्याकडे बघतच राहिले. आमचे हे शेजारी बसले होते. म्हणाले, “डॉक्टर, तुमची फी आपण निम्मी निम्मी वाटून घेऊ, तिचाही अनुभव दांडगा आहे.”

टाळेबंदी उठल्यानंतरची गोष्ट आहे. याच डॉक्टरांच्या दवाखान्यात एक मुलगी येऊन बसायला लागली. डॉक्टरच होती, पण संशोधन करणारी. साठीच्या पुढची, साखर असलेली, घरचं खाणारी माणसं तिला हवी होती. दंडावर एक चकती लावायची, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. तिच्या पोटात केसासारखी बारीक तार, ती कातडीखाली जाऊन राहते आणि दर थोड्या वेळाने साखर मोजत बसते. चौदा दिवस. बोट टोचायचं नाही, रक्त काढायचं नाही. आपण फक्त फोन दंडाजवळ न्यायचा, की टुक् असा आवाज होतो आणि आकडा दिसतो. नुसता आकडा नाही गं, दिवसभराची रेघ दिसते. डोंगर, उतार, पठार, सगळं.

मी विचारलं, कशासाठी करता हे? ती म्हणाली, “काकू, आत्तापर्यंत सगळ्यांना एकच छापील कागद देत आलो, हे खा, ते खाऊ नका. पण तोच भात एकाला चढतो, दुसऱ्याला तेवढा चढत नाही. आता एकेका माणसाचं वेगळं बघायचंय.” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं मी हेच म्हणत होते, आणि मला सगळे गप्प करत होते.

माझ्याकडे काम एकच होतं. त्यांनी दिलेल्या वहीत, जे खाल्लं ते वेळ घालून लिहायचं. रेघ आणि वही समोरासमोर ठेवून ते वाचणार. म्हणजे माझं लिहिलेलं डॉक्टर लोक वाचणार, आणि वाचून त्यातून काहीतरी शोधणार. सातवीनंतर माझं अक्षर कोणी तपासलं नव्हतं. वाण्याच्या यादीखेरीज मी काही लिहिलेलंही नव्हतं. मी नवं पेन आणलं.

ते पहिले दिवस काय सांगू तुला. मी दिवसातून पन्नास वेळा फोन दंडाला लावत होते. पोहे केले की अर्ध्या तासाने बघायचं. नुसते पोहे खाल्ले तर रेघ पर्वती चढल्यासारखी उभी जायची. त्यातच मटार आणि दाणे घातले, आधी काकडी खाल्ली, की चढ निम्मा. जेवून लगेच पडले तर रेघ वर जाऊन तिथेच बसायची. जेवून आमचे दोन जिने उतरून झपझप कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, की माझ्या डोळ्यांदेखत खाली. माझ्या पोटात चाललेलं मला दिसत होतं गं. चार मुलं वाढवली, दोन बाळंतपणं माहेरी, दोन इथे, पण या शरीरात काय चालतं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. सुनेला हाका मारून दाखवायचे. ह्यांना दाखवायचे. हे म्हणाले, “तुझ्याशी बोलायचं झालं तर आता मीही फोन दंडाला लावू का?”

चौदा दिवसांनी चकती काढायला गेले, ती वही छातीशी धरून. मुलीने रेघा लॅपटॉपवर उघडल्या, वही शेजारी ठेवली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. दुपारचं जेवण साडेबाराला, त्याचा डोंगर बरोबर. पण तो उतरायच्या आत त्याच्यावर दुसरी टेकडी. आणि मग चारच्या सुमाराला आणखी एक, चांगली मोठी. रविवार सोडून रोज. वहीत त्या वेळी काहीच नाही. पाचला बिनसाखरेचा चहा, एवढंच.

तिने विचारलं, चारला काय खाता? मी म्हटलं, काही नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कारण तेच खरं होतं. मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “काकू, इथे रागवायला कोणी नाहीये. पण वही जुळली नाही तर आम्हाला ती वापरता येत नाही.” दुसरी चकती आठवड्याने लावायची ठरलेलीच होती. त्या चौदा दिवसांतही जुळलं नाही, तर माझं नाव यादीतून काढावं लागेल, असं तिने सांगितलं. तिचं चुकलं नाही. पण बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईला कोणी चोरून खाते म्हणावं, तेही इतक्या गोड आवाजात, हे मला लागलं. रिक्षासुद्धा केली नाही, तणतणत चालत घरी आले.

घरी येऊन ह्यांच्यासमोर वही आपटली. हे पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत. तपासणीला गेले की लोकांचं तोंडचं पाणी पळायचं. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “यंत्र खोटं बोलत नाही. तूही बोलत नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. म्हणजे तुझ्या पोटात तिसरं कोणीतरी जेवतंय. उद्या तपासणी लावू.”

मला वाटलं, चेष्टा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. मांडीवर पॅड, खिशात पेन, समोर घड्याळ. मी म्हटलं, अहो, पेपर वाचा जाऊन. जागचे हलले नाहीत. मी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवले. एक भाकरी, भाजी, वाटीभर वरण, ताक. वहीत वेळ घालून लिहिलं, वही मिटली. मग आवरायला उठले, आणि ह्यांचं पेन सुरू झालं.

आवरणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. कुकरच्या भांड्यात तळाला चार घास भात राहतो. तो फ्रिजमध्ये ठेवण्याइतका नसतो आणि टाकवत नाही. त्यावर उरलेलं वरण घातलं, ओट्याशी उभी राहूनच संपवलं, भांडं घासायला टाकलं. शिकरणाच्या पातेल्याच्या कडेला लागलेलं बोटाने पुसून घेतलं. साडेतीनला नात शाळेतून आली. तिच्या डब्यात गूळ-तुपाची पोळी, रोजच्यासारखी अर्धी परत. ती पोळी तोंडात टाकली आणि डबा विसळला.

“तीन चाळीस,” हे म्हणाले आणि लिहिलं.

मी तोंडातला घास गिळून विचारलं, काय तीन चाळीस?

“अर्धी पोळी, गूळ, तूप. त्याआधी एक दहाला वरणभात, अंदाजे एक मूद. एक वीसला शिकरण.”

“अहो, ते काय खाणं आहे का? ते आवरणं आहे.”

“तुझ्या पोटाला सांग तसं,” हे म्हणाले आणि पॅड माझ्यासमोर धरलं.

मी ते वाचलं. विश्वास ठेव माझ्यावर, मला खरोखर माहीत नव्हतं. ताटावर बसून खाल्लं ते जेवण, हे मला ठाऊक. पण उभ्याने, भांडं हातात असताना, अन्न वाया जाऊ नये म्हणून जे तोंडात जातं, ते मी आयुष्यात कधी खाल्लं म्हणून धरलंच नव्हतं. क्वार्टरमध्ये रेशनचं धान्य असायचं तेव्हापासून हात तसाच चालतो. आई अंथरुणातून विचारायची, भांडी रिकामी झाली का? तिला हो म्हणता यावं म्हणून मी ती रिकामी करायची. तेव्हा बारा वर्षांची होते. अठ्ठावन्न वर्षं रोज दोनदा जेवले आणि एकदाच धरलं.

आणि रविवारी शाळा नसते गं. रविवारी चारची टेकडी नव्हती, ती यामुळे. हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. सून धावत आली. तिला वाटलं, काही सांडलं.

पण हसू ओसरल्यावर प्रश्न उरला. दुसऱ्या चौदा दिवसांत मी आवरताना काही खाल्लंच नाही तर रेघ आपोआप जुळली असती. कोणाला काही सांगायला नको, माझी पहिली वही खोटी होती हेही सांगायला नको. दोन दिवस विचार केला. मग ठरवलं की नाही, हात जसा चालतो तसाच चालू द्यायचा, आणि लिहायचं सगळं. त्यांना माझी रेघ बघायची आहे, माझं शहाणपण नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी चिठ्ठी लिहिली. आधीची वही अपुरी आहे, मी मुद्दाम लपवलं नव्हतं, मला ते खाणं वाटत नव्हतं. आणि पुढे रोज जेवणाखाली एक रेघ मारून लिहीत गेले: आवरताना तोंडात गेलेलं. कधी दोन ओळी, कधी सात.

चौदा दिवसांनी वही नेऊन दिली. मुलीने चिठ्ठी वाचली. मग पान उलटलं, आणखी उलटलं, लॅपटॉप उघडला, बोट रेघेवर ठेवून एकेक टेकडी वहीशी लावत गेली. एकही सुटली नाही. ती उठून आत गेली आणि तिच्या वरच्या डॉक्टरबाईंना घेऊन आली. पन्नाशीच्या असतील, केस आवळून बांधलेले, फार न बोलणाऱ्या. त्यांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली. मला वाटलं, आता नाव काढतात.

त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, “मुलाचा डबा मीही रोज रिकामा करते. परवा माझी स्वतःची साखर काठावर आली आणि मी जेवणात कारण शोधत बसले.”

माझी पहिली वही गेलीच. ती वापरता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. मला वाईट वाटलं, तिच्यात अक्षर जास्त चांगलं आलं होतं. पण दुसरी ठेवली. आणि मग त्या मुलीने इतर बायकांना फोन लावायला घेतले, ज्यांच्या वह्या अशाच जुळत नव्हत्या. त्या बायकांनी काय सांगितलं ते ती मला सांगणार नाही, तसा त्यांचा नियम आहे. पण मध्येच फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे असे चमकत होते, की मला न सांगताच कळलं.

महिन्याभराने पुढच्या लोकांसाठी छापलेली नवी वही तिने मला दाखवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे रकाने होते तसेच. प्रत्येकाच्या खाली एक जादा रकाना, आणि त्याचं नाव माझ्याच शब्दांत, छापून. आवरताना तोंडात गेलेलं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे बरोबर आले होते, त्यांना दाखवलं तर म्हणाले, तपासणी अधिकाऱ्याचं नाव कुठे दिसत नाही यात. पण घरी येताना कोपऱ्यावरच्या फुलवालीला थांबवून हेच सांगत होते, आमच्या घरचा शब्द छापून आला.

आता नातीच्या डब्यात मी अर्धीच पोळी देते. ती पूर्ण खाते. भात मोजून लावते, आणि तरी चार घास उरले तर ते रात्रीच्या थालीपिठात जातात. माझी तीन महिन्यांची सरासरी खाली आली आहे. किती ते लिहीत नाही, समोरासमोर सांगेन, कारण मला तुझा चेहरा बघायचाय. त्या मुलीला आता तुझ्या वयाच्या बायका हव्या आहेत. नोकरी करणाऱ्या, पोरांचे डबे भरणाऱ्या. मी तुझं नाव दिलेलं नाही, विचारल्याशिवाय देणार नाही. पण वही कशी लिहायची ते मी तुला बसून दाखवीन. या आठवड्यातच ये गं. सुट्टीची वाट बघू नकोस, कामावरून परस्पर आलीस तरी चालेल. दार ढकललं की उघडतं.