शून्यावर आणलेली सुरक्षा

माझा मोठा भाऊ लिस्प या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. ही भाषा वापरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचं जगच चुकलंय. दादा त्यातलाच. वहिनी म्हणायची, "सवत माझ्याआधीच घरात होती."

वहिनीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यात तिचा आवाज कायमचा जाणार होता, म्हणून दादाने तो आधीच रेकॉर्ड करून घेतला. नंतर ती टाइप करायची आणि प्रोग्राम तिच्याच आवाजात बोलायचा. पण उशिरा. आवाजाचे तुकडे जोडायला लिस्पला दर वेळी सी या दुसऱ्या भाषेतल्या लायब्ररीला, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचाला, हाक मारावी लागे, आणि आपण काय पाठवतोय ते प्रत्येक हाकेला तपासावं लागे. सगळे हसून उठले की वहिनीचा विनोद यायचा. हळूहळू तिने टाइप करणंच सोडलं. ते दादाच्या जिवाला लागलं.

प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला सांगता येतं: वेग किती, सुरक्षा किती. दादाने आधी नुसता वेग वाढवला. काडीचाही फरक नाही. मग प्रत्येक हाकेत कुठल्या प्रकारची माहिती जाणार ते आधीच लिहून दिलं आणि सुरक्षा शून्यावर आणली. तपासणी बंद. वहिनी ताडकन मला म्हणाली, "भाऊजी, पोट सुटलंय तुमचं." दादाचे डोळे भरून आले.

एका दुपारी तिने चुकून काहीच न लिहिता बटण दाबलं. तुकडाच नव्हता, तरी त्याची लांबी म्हणून भलताच आकडा सीकडे गेला. अडवायला कोणी नव्हतं. सीने शेजारच्या मेमरीत, जिथे वहिनीचा आवाज होता, तिथे कचरा लिहिला. प्रोग्राम बंदही पडला नाही, तिथेच घात झाला.

लिस्पवाल्यांना चालू प्रोग्राम आहे तसा, आतल्या सगळ्यासकट जतन करायची सवय. दादाने तो संध्याकाळी जतन केला, आदल्या दिवशीची प्रत पुसून तिच्याच जागी. मूळ रेकॉर्डिंगही त्याच्या आतच होतं. वेगळी फाइल ठेवणं त्याला अडाणीपणाचं वाटे.

सकाळी स्पीकरमधून नुसती खरखर आली. "थांब, आत्ता करतो," दादा म्हणाला. दिवसभर तेच म्हणत राहिला. मला त्याचा संताप आला, अजून येतो. वहिनी मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

आता तपासणी पुन्हा चालू आहे. आवाज कुठल्याशा अनोळखी बाईचा, विकत आणलेला. परवा मी तिथेच होतो. वहिनीने आतल्या खोलीत टाइप केलं. आवाज आला, "अहो, ऐकलंत का?" दादा लगबगीने उठला आणि कोण आलंय ते बघायला त्याने बाहेरचं दार उघडलं.