देवळातली संमती

माणसाच्या खुशीशिवाय त्याच्या रक्ताचा एक थेंबही कुणाला घेता येत नाही, हा मानवी प्रतिष्ठेचा पाया आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात हा पाया देवळाच्या सभामंडपात, लाउडस्पीकरवरून घातला गेला.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. शहरातल्या कुठल्याशा वैद्यकीय संस्थेचं पथक खारवलेली मासळी खाणाऱ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला आलं होतं. मी गावच्या शाळेत मास्तर. अंगठा उठवणाऱ्यांना साक्षीदार लागतो म्हणून मला बसवलं.

पथकातल्या डॉक्टरांनी लाउडस्पीकरवरून संमतिपत्र वाचलं. भाग घेणं ऐच्छिक आहे, कारण न देता कधीही नकार देता येईल, माहिती गुप्त राहील. वाचून झाल्यावर कुणी हललं नाही. मग गावचे मानकरी उठले. "आदी देवाक इचारूक व्हया."

गुरवाने देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची कळी आधी पडली. म्हणजे होकार. डॉक्टर भलतेच खूश झाले. स्थानिक परंपरेचा आदर वगैरे त्यांनी वहीत टिपून घेतलं. देवाने हो म्हटल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला उरली, हे त्यांनी टिपलं नाही. खरं सांगायचं तर मीही चाळीसेक कागदांवर सही करून झाल्यावरच हा विचार केला.

माहितीच्या गुप्ततेचं म्हणाल, तर बोट टोचणारा मुलगा यंत्रातला आकडा पलीकडच्या टेबलावर लिहिणाऱ्या बाईंना ओरडून सांगत होता. "साखर दोनशे दहा!" की रांगेतल्या माना वळत. दुपारपर्यंत कुणाची साखर किती, हे मासळीबाजारात सुरमईच्या भावाइतकं पाठ झालं होतं.

माझ्या शेजारची काकी मासे विकायची. तिचा नंबर आला तशी ती माझ्या टेबलाकडे वळली.

"मास्तरानू, माका नाय टोचून घेवचा."

"कित्याक गो काकी?"

ती खाली वाकली आणि आकडे ओरडणाऱ्या मुलाकडे तिने डोळ्यांनी खूण केली. "चेडवाचा लगीन ठरताहा वालावलाक. माझ्या आयशीक साखर होती. माका गावली, तर हो मेलो हयसून बोंबलतलो. मगे चेडवाक कोण करतलो?"

मानकऱ्यांचे कान तिखट. "देवान होय म्हटल्यान. तू कोण गो नाय म्हणणारी?"

मी कागद उचलून कलम मोठ्याने वाचलं: कारण न देता नकार देता येईल.

काकी मानकऱ्यांकडे वळली. "आयकलास? आता ह्या देवाक वाचून दाखवा. मी जातंय, माझे बांगडे उन्हात आसत."

आणि ती गेली. डॉक्टरांचा चेहरा उजळला. नियमाप्रमाणे वागणारं कुणीतरी त्यांना भेटलं होतं. नकार देणाऱ्याला पुन्हा गळ घालायची नाही, असाही त्यांचा एक नियम होता. कुणी चुकून घरी जाऊन विचारू नये म्हणून त्यांनी नकार देणाऱ्यांची यादी केली आणि देवळाच्या खांबाला चिकटवली. यादीत एकच नाव होतं.

संध्याकाळपर्यंत काकीला काय झालंय, याच्या तीन आवृत्त्या माझ्या कानावर आल्या. एकीत क्षय होता. बाकीच्या दोन मी इथे लिहीत नाही. मी जाऊन कागद फाडून आणला, पण एवढीशी यादी लोकांना पाठ झाली होती.

आठवड्याने काकीच्या मुलीशी लग्न ठरत असलेल्या मुलाचे मामा वालावलहून आले. काकीने मला बोलावलं आणि ते कलम पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मामांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला.

"कारण सांगूक नको, ह्या बरा आसा," ते म्हणाले. "पण आमका कळूक व्हया."

त्यांनी एकच अट घातली. लग्नाची तारीख धरण्याआधी काकीने सगळ्या तपासण्या करून कागद दाखवायचा. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर एस.टी.ने कुडाळला गेलो. तिथल्या लॅबमध्ये संमतिपत्र नव्हतं, साक्षीदार लागला नाही. पोऱ्याने नाव आणि वय विचारलं, सुई टोचली, आणि संध्याकाळी रिपोर्ट बंद पाकिटात, तो घ्यायला आलेल्या मामांच्या हातात दिला.